एकशेचाळीसच्या तळाशी

उयो शहरातल्या स्पर्धेत मी एकशेचाळीस किलो खांद्यावर घेऊन खाली बसले आणि वर आलेच नाही.

घडलं एवढंच. रॉड पाठीवरून मानेकडे सरकला, दोन्ही बाजूंना सांभाळायला उभ्या असलेल्या बाया अर्धा क्षण उशिरा पोचल्या आणि मी गुडघ्यांवर पुढे कोसळले. मानेवरची कातडी थोडी सोलवटली. डॉक्टरनं मान वळवून बघितली, गुडघे दाबून बघितले, "हाडं ठणठणीत आहेत" म्हणाला आणि दहा दिवस आराम सांगितला. मी पंधरा दिवस केला.

खरी भानगड त्यानंतर सुरू झाली.

कॅलाबारला आमची तालीम स्टेडियमच्या पायऱ्यांखाली आहे. छत तिरकं, त्यामुळे उंच माणूस मागच्या भिंतीकडे फिरकत नाही. तिथे एते असुक्वो आम्हाला शिकवतात. त्यांना सगळेच एते, म्हणजे बाबा, म्हणतात, त्यांच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा. एके काळी ते स्वतः वजन उचलायचे. आता उजवा गुडघा वाकत नाही, म्हणून बाजूला खुर्ची टाकून, गालात कोला नावाच्या कडू बीचा तुकडा धरून बसतात आणि तिथूनच ओरडतात. मी तेव्हा बावीस वर्षांची होते, त्रेसष्ट किलोच्या गटात खेळायचे आणि तालमीतल्या बायकांत स्क्वॉट, म्हणजे रॉड खांद्यावर घेऊन बसून उठणं, माझाच सगळ्यांत भारी होता.

परत गेले त्या दिवशी शंभर सहज झालं. एकशेदहा झालं. एकशेपंधरा झालं. एकशेवीस लावलं, खाली गेले, वर आले, रॉड स्टँडवर ठेवला.

"खाली गेलीच नाहीस," एते म्हणाले.

"गेले की!"

"कुठे गेलीस? बाजारात? मायेन, मांडी गुडघ्याच्या खाली आली पाहिजे. तू खुर्चीवर बसायला निघालीस आणि खुर्ची ओली बघून उठलीस."

सगळे हसले. मी परत गेले. मांड्या पोटऱ्यांना टेकल्या असं मला शपथेवर वाटलं. एतेंनी नुसतीच मान हलवली. मी चिडले, म्हटलं तुम्हाला त्या कोपऱ्यातून दिसत नाही. तेव्हा माझ्याबरोबर सराव करणाऱ्या इन्यांगनं तिसऱ्या वेळी फोनवर चित्रण केलं आणि माझ्या हातात दिलं.

मी ते चार वेळा बघितलं. पडद्यावरची बाई पार खाली जायच्या टीचभर आधीच वर येत होती. ती मीच होते, माझाच पिवळा शर्ट होता. आणि मला आतून मात्र स्पष्ट आठवत होतं की मी तळाला जाऊन आले आहे.

महिनाभर हेच चाललं. एकशेपंधराला मी तळ गाठायचे, एकशेवीसला नाही. मधलं अंतर पाच किलोचं, बाजारातल्या कांद्याच्या पिशवीएवढं. एकदा एतेंनी मला पाठ करून उभं केलं आणि प्लेटा लावून त्यावर पोतं टाकलं, मला आकडा कळू नये म्हणून. काही उपयोग झाला नाही. रॉड खांद्यावर घेतला की तो किती वाकतोय ते पाठीला कळायचं आणि मग पाय आपापलं ठरवून टाकायचे. मला विचारायचेसुद्धा नाहीत.

आईला हे मी सांगितलंच नव्हतं. तिच्या सरावाची वेळ पहाटेची, दुकान उघडायच्या आधीची, आणि माझी दुपारची, त्यामुळे तालमीत आमची गाठ पडायची नाही. आईला सगळं कॅलाबार मा आरित म्हणतं. तीन वर्षांची असताना तिला पोलिओ झाला आणि दोन्ही पायांतलं बळ गेलं. बाजारात तिचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे ती हातानं चालवायच्या तीनचाकीवरून जाते. आणि ती बेंच प्रेस मारते, म्हणजे पाय पट्ट्यांनी बाकाला बांधून, उताणी पडून रॉड छातीवरून वर ढकलते. सदुसष्ट किलोच्या गटात तिची दोन राष्ट्रीय पदकं आहेत. तिचा उच्चांक एकशेएकवीस किलोचा, आणि तिथे ती तीन वर्षं अडकली होती.

एका संध्याकाळी आम्ही गारीचा, म्हणजे कसाव्याच्या पिठाचा, गोळा आणि भेंडीचं कालवण खात बसलो होतो, तेव्हा मी सगळं ओकून टाकलं. मला वाटलं होतं, ती म्हणेल, अगं होईल, नको काळजी करू. आईचा घास हातातच राहिला.

"म्हणजे तुला वाटलं, तू खाली होतीस?"

"हो."

"पण नव्हतीस."

"नव्हते."

"आणि खोटंही बोलत नव्हतीस."

"आई!"

"थांब गं, मला कळू दे. तुझ्या गुडघ्यांनी तुला खोटं सांगितलं आणि ते तुला खरं वाटलं." तिनं घास ताटात ठेवला. "हे भारीच आहे!"

"यात भारी काय आहे? ऑक्टोबरात पोर्ट हार्कोर्टची स्पर्धा आहे, तिथे तिन्ही पंच लाल दिवा लावून मला बाद करणार आहेत."

"खाली काय असतं?"

"कुठे खाली?"

"तळाशी. तू बसतेस तेव्हा. मी कधी गेले नाही तिथे, म्हणून विचारते."

"काही नसतं तिथे. वजन असतं."

"वजन तर वरही असतं," आई म्हणाली आणि माझ्याकडे असं बघत राहिली, जणू मी कुठल्या तरी लांबच्या देशात जाऊन आले होते आणि आल्यावर नीट सांगत नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती तालमीत हजर. दुकान बंद करून आली होती, बोटांना मशीनच्या तेलाचा वास. तिनं तीनचाकी थेट माझ्यासमोर आणून लावली. तिथे बसलं की तिची नजर बरोबर माझ्या कमरेच्या उंचीला येत होती.

"एते, मला हिला दोन प्रश्न विचारायचेत."

"विचारा, मा आरित. मी विचारून विचारून थकलो. तुम्ही दोनशे विचारा."

"रिकामा रॉड घे," आई मला म्हणाली.

"रिकामा? वीस किलोचा? आई, ही काय शाळा आहे?"

"शिलाई मशीन अडली की गिऱ्हाईक काय करतं? पायडल जोरात मारतं. मग सुई तुटते. मी काय करते? पट्टा काढते आणि चाक हातानं फिरवते, हळू. कुठे अडतंय ते बोटांना कळतं. घे रिकामा."

मी रिकामा रॉड घेऊन खाली बसले.

"थांब तिथेच. काय दिसतं?"

"भिंत."

"आणि?"

"भिंतीवर सरडा आहे, तांबड्या डोक्याचा. मान हलवतोय."

"हो म्हणतोय की नाही म्हणतोय?"

इन्यांग इतकी हसली की तिच्या हातातून प्लेट निसटली आणि एते तिच्यावर खेकसले. आईला हसू आलं नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. ऐकू काय येतं? श्वास कुठे असतो, पोटात की छातीत? अंगठे काय करतात? साठ किलो लावून परत तेच प्रश्न. ऐंशी लावून परत तेच.

"भार टाचेवर येतो की चवड्यावर?"

"दोन्हीवर."

"असं उत्तर मला गिऱ्हाईक देतं. मशीन बिघडली कशी? काही नाही मा, आपोआप. नीट बघ आणि सांग."

मी परत गेले आणि नीट बघितलं. डाव्या टाचेवर जास्त येत होता. सहा वर्षं स्क्वॉट मारत होते, पण हे मला ठाऊक नव्हतं. आईला सांगितलं तर तिनं मान डोलावली आणि स्वतःच्या डाव्या पावलाकडे बघितलं. तिच्या पायांत बळ नाही, पण स्पर्श सगळा कळतो. मुंगी चढलेली तिला माझ्याआधी कळते. तिला कळत नाही ते एवढंच, की त्या पावलांवर उभं राहिल्यावर काय होतं.

तिसऱ्या दिवशी, शंभरावर, ती एकदम म्हणाली, "तू डोळे मिटतेस."

"नाही मिटत."

"शेवटच्या वितीला मिटतेस."

एते बाजूला बसायचे, त्यांना हे कधी दिसलं नव्हतं. इन्यांगनं समोरून चित्रण केलं. मिटत होते. पडद्यावर माझा चेहरा असा होता, जसा दवाखान्यात सुई टोचताना होतो.

"बघा एते!" आई म्हणाली. तिचा आवाज खुशीत आला होता. "ही तिथे जाते तेव्हा घरी कुणी नसतं. मग ही आपल्याला तिथलं सांगणार कसं?"

"मा आरित, ही काय पर्यटनाला जाते का तिथे?" एते म्हणाले, पण खुर्ची उचलून तेही समोर येऊन बसले.

एकशेवीस लावलं. मी डोळे ताणून उघडे ठेवले आणि गेले. आदल्यापेक्षा खाली गेले, पण पुरेशी नाही. वर आले तेव्हा पाय थरथरत होते. ही थरथर वजनाची नव्हती. वजनाची थरथर मला ओळखू येते.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"आवाज बंद झाला."

"कसला?"

"सगळा. एते ओरडत होते तो, बाहेरच्या रिक्षांचा. उयोलाही असंच झालं होतं." मी पट्टा सोडला आणि जमिनीवर बसले. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, मलाही तेव्हाच कळत होतं. "तळाशी गेल्यावर आवाज बंद झाला आणि मग मला कळेचना की मी ढकलतेय की नाही. म्हणजे मी पायांना सांगितलं, उठा. पण सांगितलं की नुसतं सांगावंसं वाटलं, तेच कळेना."

आईनं तीनचाकी जरा जवळ सरकवली. मग म्हणाली, "ते मला माहीत आहे."

"तुला कसं?"

"लहान असताना आजी मला उन्हात बसवायची आणि म्हणायची, अंगठा हलव. मी अंगठ्याला सांगायचे. तो हलायचा नाही. मग मला वाटायचं, मी नीट सांगितलंच नसेल. परत सांगायचे. सांगणं कुठे संपतं आणि नुसतं वाटणं कुठे सुरू होतं, ते मी दिवसभर शोधत बसायचे." ती जरा हसली. "मला वाटलं होतं हे फक्त माझ्याकडेच आहे. धडधाकट पायांनाही होतं म्हणजे!"

तिला त्याचं वाईट वाटत नव्हतं. एखाद्या जुन्या मशीनचा सुटा भाग दुसऱ्याच मशीनमध्ये चपखल बसलेला बघून दुकानात ती जसा चेहरा करते, तसा तिचा चेहरा झाला होता.

आणि मग तिनं एतेंना सांगितलं की तिला स्वतःला बघायचं आहे.

"काय बघायचंय?"

"पायांवर भार. उभं नाही राहणार, घाबरू नका. बाकावर बसते. पावलं जमिनीला टेकवा आणि गुडघ्यांवर प्लेटा ठेवा. भार खाली पावलातच जाईल ना?"

"अबासी म्बोक!" एतेंनी देवाचा धावा केला. "तुमची हाडं बघितलीत का? काडीसारखी आहेत. काही झालं तर तुमचा नवरा ओरोनहून बोट घेऊन येईल आणि मला नदीत बुडवेल."

"तो बोटीवर तिकिटं फाडतो, बोट चालवत नाही. ठेवा."

ठेवली. आधी पाच किलो. मी एका बाजूनं धरून होते, इन्यांग दुसऱ्या. पावलांखाली आईनं सपाट लाकडी फळी घ्यायला लावली होती. दहा केले. पंधरा. ती डोळे मोठे करून खाली बघत होती. मी तिच्यासमोर बसले आणि तिचेच प्रश्न तिला विचारले.

"टाचेवर येतं की चवड्यावर?"

"टाचेवर. आणि बाहेरच्या कडेनं. खाली जमीन आहे असं वाटतं गं! जमीन वर ढकलते. तुला असं रोज वाटतं?"

"मी कधी लक्षच दिलं नाही."

"मूर्ख आहेस. आणखी ठेव."

वीस झाले. पंचवीस. तीस ठेवले आणि आई लगेच म्हणाली, "काढा."

आम्ही झटकन काढले. एतेंच्या कपाळावर घाम आला होता. "दुखलं?"

"दुखलं नाही. हाड बोललं. नडगीतून बारीक आवाज आल्यासारखा." तिनं नडगी दोन्ही हातांनी चोळली. "हाडाची ही 'नाही' वेगळी होती. हिच्याशी वाद घालायचा नाही." आणि लगेच माझ्याकडे वळून, "तुझी उयोची अशी होती का?"

मी विचार केला. "नाही. माझी अशी नव्हती. माझ्यात कुणी बोललंच नाही."

त्या आठवड्यात एकशेवीस झालं. काही जादू झाली नाही. मी डोळे उघडे ठेवून गेले, आवाज बंद झाला, आणि मी डाव्या टाचेकडे लक्ष दिलं. टाच जमिनीत रुतत होती, म्हणजे मी ढकलत होते. तेवढं कळल्यावर वर आले. एते खुर्चीवरून उठले, एका पायावर उड्या मारल्या आणि म्हणाले, "खुर्ची वाळली!"

मग माझी पाळी आली. रविवारी पहाटे मी आईच्या सरावाला गेले.

"एकशेएकवीसच्या पुढे एकशेतेवीस लावतेस, ते कुठे अडतं?"

"छातीच्या वर चार बोटं."

"तिथे काय असतं?"

आईनं तोंड उघडलं आणि मिटलं. मला फार मजा वाटली. "थांबत नाही मी तिथे," ती म्हणाली. "मी मोजते. तीनपर्यंत. तीनपर्यंत रॉड हलला नाही तर नाही हलत, मग मी सोडते."

"तीनच का?"

"तीनच असतं."

"कुणी सांगितलं तुला?"

ती बाकावर आडवी पडल्या पडल्या छताकडे बघत राहिली. पायांचे पट्टे बांधलेले, हात पोटावर. "कुणीच नाही," ती सावकाश म्हणाली. "अगं, खरंच कुणीच नाही सांगितलं. वीस वर्षं मी तीनच मोजतेय."

एकशेतेवीस लावलं. छातीला टेकलं, क्षणभर स्थिर राहिलं, मग वर निघालं आणि चार बोटांवर थांबलं. मी मनात मोजत होते. एक, दोन, तीन, चार. चारला रॉड नखभर सरकला. पाच. मग तिनं मान हलवली आणि आम्ही तो उचलून घेतला.

"चारला काहीतरी होतं," आई धापा टाकत म्हणाली. "पाचला काही नव्हतं. पण चारला होतं, बघितलंस?"

ते वजन गेलं नव्हतं, तरी ती दिवसभर दुकानात गुणगुणत होती म्हणे.

ऑक्टोबरात आम्ही पोर्ट हार्कोर्टला गेलो. शुक्रवारी तिची स्पर्धा, शनिवारी माझी. तिचे पहिले दोन प्रयत्न झाले, एकशेअठरा आणि एकशेएकवीस. दोन्हींना तीन-तीन पांढरे दिवे. पहिल्या नंबरची बाई एकशेसत्तावीसवर होती आणि तिसरी बरीच मागे, म्हणजे आईचं रौप्य पक्कं होतं. एते तिसऱ्या प्रयत्नासाठी एकशेतेवीस लिहायला निघाले.

"एकशेपस्तीस लिहा," आई म्हणाली.

"किती?"

"एकशेपस्तीस."

"मा आरित, तुम्हाला ऊन लागलंय का?"

"पदक कुठे पळत नाही. एकशेपस्तीसला काय असतं ते मला बघायचंय. इथे चांगली माणसं आहेत रॉड सांभाळायला. तालमीत तुम्ही मला लावू देणार नाही."

"इथे तरी का लावू देईन?"

"कारण वजन लिहायचा कागद माझ्या हातात आहे," आई म्हणाली. आणि तो खरंच तिच्या हातात होता.

रॉड तिच्या सरळ हातांवर दिला तेव्हा बाकाचे पाय करकरले. तिनं तो इतका सावकाश खाली आणला की लोक खुर्च्यांतून पुढे वाकले. छातीवर थांबला. मग दोन बोटं वर आला आणि मेला. माणसांनी उचलून घेतला. आई तशीच पडून राहिली आणि हसायला लागली. पंचाला वाटलं तिला काही लागलं, तो धावत आला.

"मोजायला विसरले," तिनं मला नंतर सांगितलं. "इतकं जड होतं की तीन नाही, चार नाही, काहीच सुचलं नाही. खांदे बाकातून खाली जमिनीत जातात की काय असं वाटलं. आणि गंमत सांगू? वर हातांवर होता ना, तेव्हा मला भीती वाटायला हवी होती. मी वाट बघत होते, आता येईल, आता येईल. आली नाही."

एते तिच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत. मग भाजलेली केळी आणि मासा घेऊन आले आणि सगळ्यांत मोठा तुकडा तिलाच दिला.

शनिवारी मी एकशेपंचवीस केलं. एकशेसाडेबत्तीस केलं, दोन पांढरे आणि एक लाल. तिसऱ्याला एकशेचाळीस सांगितलं. एतेंनी माझा पट्टा आवळला आणि पाठीवर थाप मारली, इतकंच.

मी खाली गेले. पूर्ण गेले. पुढे पिवळा पडदा होता, त्याच्या शिवणीतून एक दोरा लोंबत होता. आवाज बंद झाला. मला वाटलं होतं तसाच झाला, आणि या वेळी मी त्याची वाटच बघत होते. डाव्या टाचेकडे लक्ष दिलं, मग उजव्या. दोन्ही रुतत होत्या. मी ढकलत होते. रॉड हातभर वर आला आणि मांड्या अर्ध्या वाटेत असताना थांबला. मी ढकलतच राहिले. ढकलतेय हे मला स्पष्ट कळत होतं, आणि रॉड हलत नाही हेही तितकंच स्पष्ट कळत होतं. दोन्ही शेजारी शेजारी होतं. मग मी बायांना म्हटलं, "घ्या." त्यांनी घेतला. तीन लाल दिवे लागले.

खाली उतरले तर आई समोरच तीनचाकी लावून बसली होती.

"काय होतं?"

"ढकलत होते. पूर्ण वेळ. कळत होतं."

"आणि?"

"आणि जात नव्हतं. आज तेवढं नव्हतं माझ्यात."

"हाड बोललं?"

"नाही. मांडी म्हणाली, बस." मी तिथेच तिच्या चाकाला टेकून बसले. "आई, तिथे तळाशी शांत असतं. वाईट नाही. उयोला मला वाटलं होतं तिथे काहीतरी आहे. काही नाही. मीच असते तिथे, आणि एक दोरा होता."

"कुठला दोरा?"

पडद्याचा, म्हटलं. मग तिला तो पडदा दाखवावा लागला, आणि शिवण कुठल्या टाक्याची आहे यावर तिनं एतेंना दहा मिनिटं ऐकवलं.

मला त्या दिवशी चौथा नंबर मिळाला.

पुढचं थोडक्यात. आईनं फेब्रुवारीत एका पहाटे एकशेबावीस मारलं, चारपर्यंत मोजून. साक्षीला फक्त इन्यांग आणि मी. एतेंनी विश्वास ठेवला नाही, म्हणून गुरुवारी परत लावलं, तेव्हा गेलं नाही. तिला त्याचं काही वाटलं नाही. एतेंना वाटलं, त्यांनी तीनदा माफी मागितली.

मला एकशेचाळीसला जूनपर्यंत वाट बघावी लागली. बुधवार होता, लाइट गेली होती, पायऱ्यांच्या फटींतून येणारा उजेड तेवढा होता. मी खाली गेले आणि वर आले. इतक्या झटक्यात की मलाच कळलं नाही. इन्यांगनं किंचाळून स्टेडियम डोक्यावर घेतलं. एते रडले, आणि मग डोळ्यांत कोला गेला म्हणाले.

आई दुकानातून उशिरा पोचली. सगळ्यांनी एकदम सांगायला सुरुवात केली. तिनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि मला विचारलं, "बरं, तळाशी काय होतं?"

मी आठवायचा प्रयत्न केला. भिंत, टाच, आवाज. एकही गोष्ट आठवेना.

"काही कळलंच नाही गं," मी म्हटलं. "गेले आणि आले."

तिचा चेहरा पडला. "काहीच बघितलं नाहीस?"

"एकशेचाळीस झालं, आई!"

"ते ऐकलं मी. अभिनंदन." तिनं मला जवळ ओढून डोक्यावर हात ठेवला, घट्ट, तेलाच्या बोटांनी. मग तीनचाकी वळवून माझ्यासमोर, नेहमीच्या जागी आणली. "जरा दम खा. पाणी पी. आणि साठ लाव. साठावर आठवेल."

एते म्हणाले, "मा आरित, पोरीला घरी जाऊ द्या."

पण मी तोवर प्लेटा काढायला लागले होते. मलाही बघायचं होतं.